चौथा टप्पा

प्रिय रंध्या,

या वयात मित्राला टोपणनावानं हाक मारू नये म्हणतात. पण तुझं खरं नाव लिहायला गेलो की वाटतं, कुणा परक्या सुताराला दार दुरुस्तीचं बोलावणं धाडतोय. तेव्हा रंध्याच. अक्षर पाखराच्या पावलांसारखं उमटतंय, सांभाळून घे.

आज सकाळी खिडकीसमोर हळद्या बोलला. दिसला नाही, नुसता आवाज, बासरीत पाणी भरल्यासारखा. चहा तसाच निवला. मन थेट कालव्याकाठच्या त्या तुतीपाशी जाऊन बसलं. बत्तीस वर्षं झाली बघ. माझ्या गळ्यात तो जड कॅमेरा, तुझ्या खांद्यावर वासे, आणि वर टोकाच्या बेचक्यात टांगलेलं हळद्याचं ते वाटीएवढं घरटं. जमिनीवरून फोटो काढला तर पाखराचं पोटच दिसतं, त्याच्या डोळ्यात बघायचं तर त्याच्या उंचीला जावं लागतं, हे मी म्हणालो आणि तू दुसऱ्याच दिवशी लपण बांधायला घेतलंस. चार वाशांचा मनोरा, वर फळ्या, भोवती गोणपाट, भिंगापुरतं भोक.

तुझे नियम मला अजून पाठ आहेत, शाळेतल्या कवितांसारखे. एका दिवसात एकच टप्पा चढवायचा. मग दोन दिवस हात लावायचा नाही. सांधे दोरीनं बांधायचे, ठोकाठोक नाही. टप्पा चढवला की बांधापलीकडे जाऊन बसायचं; मी लांबलचक कविता पुटपुटायची आणि आठ कडवी व्हायच्या आत मादी अंड्यांवर परतली नाही, तर टप्पा उतरवायचा. “कविराज, तुझं ऐकून पाखरू झाडावरून पडलं नाही म्हणजे मिळवलं,” असं तू म्हणायचास. लपणात दोघांनी शिरायचं आणि एकानं शीळ घालत निघून जायचं, ही तुझीच युक्ती. पाखराला वजाबाकी येत नाही, म्हणे. मलाही कुठे येत होती! गणिताच्या तासाला मी तुझ्याच वहीवर जगलो.

तीन टप्पे झाले. तिसऱ्यावरून घरट्याची बाहेरची वीण दिसायची, आणि काठावर आलेली मादीची चोच. चौथा पिल्लं बाहेर आल्यावरच, असं तू बजावलंस. अंड्यांवरची मादी लगेच बिथरते. आणि त्याच दुपारी तुझी बहीण आजारी असल्याचा निरोप आला. जाताजाता एक आडवी फळी निसटत होती, घाईत तू तिला दोन खिळे मारलेस. फक्त दोन.

चार दिवसांनी तू आलास. घरटं थंड होतं. तू झाडाखाली बसलास आणि म्हणालास, “माझे खिळे नडले रे.” मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणालो, “जाऊ दे, मुद्दाम का केलंस? विसरून जा.” रंध्या, मी तुला क्षमा केली. मोठ्या मनानं केली. त्यानंतर तू कपाटं केलीस, पलंग केलेस, शाळेचे बाक केलेस. झाडाजवळ मात्र वासा उभा केला नाहीस. आणि मी दरवेळी विषय बदलून कवितेवर नेला.

काल तुझ्या सूनबाईचा फोन आला. तळ्यावरच्या पक्षीमंडळाला उंच लपण हवंय आणि इकडे तसं बांधणारा दुसरा कुणी नाही, पण मामंजी म्हणतात, “माझ्या हातून एक घर मोडलंय, पुन्हा नको.” मी तरी समजावून पाहावं, असं ती म्हणाली. समजावण्यासारखं माझ्याकडे काही नाही. सांगण्यासारखं आहे. तू गेल्यावर तीन दिवस मादी अंड्यांवर छान बसत होती. खिळ्यांनी तिचं काही बिघडलं नव्हतं. माझी रजा संपत आली होती आणि घरट्याच्या आतला एक तरी फोटो मला हवा होता. चौथ्या दिवशी सकाळी मी एकट्यानं चौथा टप्पा चढवला, आड येणारी फांदी दोरीनं मागे ओढली आणि आत बसलो. शीळ घालत जाणारं कुणी नव्हतं. ती एकदा काठावर आली, सरळ भिंगात बघितलं, मी कळ दाबली आणि ती गेली. दिवस कलेपर्यंत वाट पाहिली. मग टप्पा उतरवला, फांदी सोडली. त्यानंतर तासाभरात तू आलास.

तो फोटो मी कुणालाच दाखवला नाही. या पत्रासोबत आहे. काठावर मादी आहे आणि तिच्या पायांशी, वाटीच्या तळाला, दोन अंडी आहेत. तिसऱ्या टप्प्यावरून ती दिसली असती का, हे तुला वेगळं सांगायला नको. उंची तुझ्या नजरेत आहे. हे पत्र सूनबाईला मोठ्यानं वाचायला सांग, घरातले सगळे समोर असताना. मग माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव. लपण मात्र बांध.

बत्तीस वर्षं उशिरा तुझाच,
कविराज