उन्हाच्या आधीचा तास

आई,

आज पहाटे पावणेपाचला नळाला पाणी आलं. मी उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी बांधत होतो, तेवढ्यात मोरीतून ती ओळखीची फुसफूस ऐकू आली. आधी नुसती हवा, मग खोकल्यासारखं थोडं पाणी, मग धार. तुझी सून लेकीच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवसांपूर्वी पुण्याला गेलीये, घरात मी एकटाच. पाच दिवसांनी आलेलं पाणी सोडून फिरायला कसा जाणार? एका पायात बूट, दुसरा अनवाणी, असाच उठून पिंप लावलं, मग हंडा, मग घागरी, मग बादल्या, शेवटी तुझा तो चेपलेला तांब्यासुद्धा. पाणी गेलं तेव्हा साडेसहा होऊन गेले होते आणि समोरच्या भिंतीवर ऊन उतरलं होतं. सोलापूरचं एप्रिलचं ऊन, तुला मी काय सांगू. डॉक्टरांनी मला रोज पंचेचाळीस मिनिटं चालायला सांगितलंय. तुझी साखर माझ्याकडे आली. डॉक्टर हसून म्हणाले, सर, तुम्ही पीटीचे मास्तर, तुम्हाला आम्ही काय शिकवायचं. मी पायातला बूट काढला आणि मोरीच्या कडेला बसून राहिलो. तू जाऊन बावीस वर्षं झाली, आणि तुझी पहाट मला आज पुरती कळली.

चाळीतली आपली दीड खोली आठवते. अप्पा गिरणीच्या पाळीवरून येऊन भिंतीकडे तोंड करून झोपलेले, आणि दाराशी तो नळ. नळाने पहिला आवाज केला की मी टुणकन उठायचो, कॅनव्हासचे बूट हातात घ्यायचो आणि मैदानाकडे पळायचो. ते बूट तू मला नवी पेठेतून आणले होतेस, विड्या वळून मिळालेल्या पगारातून. खडू लावून पांढरे करून तूच वाळत ठेवायचीस. मी तासाभराने घामाने निथळत परत यायचो तेव्हा सगळी भांडी भरलेली असायची, मोरी धुतलेली असायची, तुझ्या लुगड्याचा काठ ओला असायचा आणि वाटीत भिजवलेले हरभरे नि गुळाचा खडा असायचा. पाणी लगेच प्यायचं नाही, आधी गूळ, घाम जिरू दे, मग पाणी, हा तुझा कायदा. विड्या वळायला बसलेल्या बायकांना तू अभिमानाने सांगायचीस, "ह्येला उठवावं लागत न्हाय. नळ वाजला की पोरगं ग्राउंडवर." तुझ्या माहेरी, मैंदर्गीलासुद्धा, ही गोष्ट पोचली होती. मामा मला पैलवान म्हणायचे, माझ्या दंडाकडे बघून कुणीही म्हटलं नसतं तरी.

त्या पळण्यावर माझं आयुष्य उभं राहिलं हे खरंच. जिल्ह्याच्या स्पर्धेत नंबर आला, पुढे त्याच जोरावर शाळेत नोकरी लागली. गळ्यात शिट्टी आणि स्टॉपवॉच अडकवून मी पोरांना सांगायला लागलो, की आपल्या गावात व्यायाम करायचा तर उन्हाच्या आधी. आठ वाजले की मैदान सोडायचं. मार्च ते जून दुपारी कुणी पळताना दिसला तर मी त्याला उभं करून झापायचो. सकाळच्या मैदानावर निवृत्त साहेब मंडळी हात फिरवत गोल गोल चालायची, व्यापारी मोठमोठ्याने हसायचा व्यायाम करायचे. तिथं सगळे मला नमस्कार करत. मला वाटायचं, अख्खं गाव पहाटे मैदानावर येतं. त्यात बायका किती असायच्या, हे मी कधी बघितलंच नाही.

मग तुझी साखर निघाली. दिवसभर मांडीवर सूप घेऊन, पाय दुमडून विड्या वळायच्या, चालणं कसलं ते नाही. डॉक्टर म्हणाले, रोज पंचेचाळीस मिनिटं चालायला हवं, नाहीतर पायांवर जाईल. मी दुसऱ्याच दिवशी तुला बूट आणले. लुगड्यावर बूट म्हणून तू लाजलीस, पण घालून दाखवलेस. मी सांगितलं, पहाटे पाच ते सहा, सरळ मैदानाला दोन फेऱ्या. तू हो म्हणालीस आणि गेली नाहीस. विचारलं की म्हणायचीस, "पाण्याचं कोण बगंल?" मी म्हणायचो, पाणी काय रोज येतं? तीन दिवसांनी येतं, मधले दोन दिवस काय करतेस? यावर तू एवढंच म्हणालीस, "तुला न्हाय कळायचं त्ये." मग मी म्हटलं, संध्याकाळी जा. एकदा गेलीसही. सात वाजून गेले तरी डांबर तव्यासारखं होतं, भिंतींमधून वाफ येत होती. लालबुंद तोंडाने परत आलीस, आणि तशीच चुलीपुढे भाकऱ्या थापायला बसलीस. मी ती आळशीपणाची नवी सबब धरली.

आणि मग तो मे महिना. मामा आले होते, शेजारची तेलुगू मावशी बसली होती, चहा चालला होता. तुझ्या तब्येतीचा विषय निघाला आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, अख्ख्या शाळेला पळवतो मी, पण आमच्या घरातलं हे एक मडकं काही जागचं हलत नाही. सगळे हसले. तोंडाला पदर लावून तूही हसलीस. मला माझा विनोद फार आवडला होता, म्हणून तुझे डोळे बघायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी मी दुपारचा घरी झोपलो होतो. बाराच्या सुमाराला ती मावशी धापा टाकत आली. तुम्ही दोघी विड्या जमा करायला कारखान्याच्या शाखेत गेला होतात, तिथून तू तिला म्हणालीस, तू हो पुढं, मी येते. आणि मैदानाकडे वळलीस. मी सायकल काढली. तू मैदानाच्या भिंतीशी, लिंबाच्या चार बोटं सावलीत बसली होतीस. पायात ते बूट, शेजारी रिकामी टोपली, आणि गळ्यात माझं स्टॉपवॉच. खिळ्यावरून कधी काढून नेलं होतंस, मला कळलंच नव्हतं. तोंड सुकून पांढरं पडलेलं. मला बघून तू ते घड्याळ पुढं केलंस आणि म्हणालीस, "पंचेचाळीस झाली की रं. बग. चालू करायला जमलं, बंद करायला न्हाय जमलं." काटा फिरतच होता. मी आधी घड्याळ बंद केलं. मग, आई, मी तुला रागावलो. एवढं कळत नाही का, भर उन्हात कुणी चालतं का, माझी इज्जत घालवतेस का, असलं काहीतरी. तुला सायकलवर मागे बसवून घरी आणेपर्यंत मी बोलतच होतो. तू माझ्या शर्टाला धरून बसली होतीस. घरी आल्यावर स्वतःहून गुळाचा खडा तोंडात टाकलास, थोडं थांबलीस, मग पाणी प्यालीस.

टाचेला बूट लागला होता. तापलेल्या जमिनीवर फोड आला, फुटला, आणि तू बारा-पंधरा दिवस कुणाला दाखवला नाहीस. वास यायला लागला तेव्हा कळलं. मी ओरडलो, सांगायचं नाही का? तू म्हणालीस, "दुखलंच न्हाय की." साखरेने पाय बधिर झाले होते. आधी बोटं गेली, मग घोट्यापर्यंतचा पाय गेला. दीड वर्ष खाटेवर होतीस आणि तिथंही विड्या वळत होतीस. शेवटच्या दिवसांत तू सुनेला सांगत होतीस, ह्येच्या पायात बूट घट न्हाईत ना, बगत जा. माझ्या बोलण्याबद्दल एक शब्द काढला नाहीस. काढला असतास तर मला बरं झालं असतं.

मधल्या दोन दिवसांत तू काय करायचीस ते मला गेल्या पंधरवड्यात कळलं. नळाला वार नसतो, वेळ नसते. आज येईल म्हणून चारलाच उठून कान लावून बसायचं, येत नाही, उद्या पुन्हा बसायचं. आणि बसल्या बसल्या विडीचा तेंदूपत्ता ओल्या फडक्यातून काढून कापून ठेवायचा, कारण ऊन चढलं की पत्ता कडक होतो आणि वळताना फाटतो. भाकऱ्यासुद्धा खोलीची भट्टी व्हायच्या आत थापायच्या. आपल्या गावात गार असतो तो एकच तास, आणि त्या तासाला पाणी, पत्ता, चूल, सगळं तुझ्याकडे हात पसरून उभं असायचं. त्यातून माझ्या पळण्यासाठी एक तास मोकळा काढला होतास तो तू. तुझ्यासाठी शिल्लक होती ती दुपार, म्हणून तू दुपारी चाललीस. मी आयुष्यभर पोरांना व्यायामाची वेळ शिकवली आणि ही साधी गोष्ट मला समजली नाही, याची मला लाज वाटते.

शाळेच्या जुन्या हजेरीवहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर हे लिहितोय. पाठवायचं कुठं? वही पुन्हा कपाटात जाईल, स्टॉपवॉचच्या शेजारी. पण जिथं कुणी वाचणार नाही तिथं तरी एक गोष्ट खरी लिहितो. मला पळायची आवड कधीच नव्हती, आई. ज्या दिवशी नळ वाजायचा नाही, त्या दिवशी मी नुसता जाऊन मैदानाच्या कट्ट्यावर आडवा पडून राहायचो आणि येताना तोंडावर पाणी मारून घाम दाखवायचो. हंडे उचलावे लागू नयेत म्हणून मी पळायचो. नळ वाजला की बूट घालायलाही थांबायचो नाही, आणि चाळीच्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत मागे बघायचो नाही, तू हाक मारशील म्हणून. तू एकदाही मारली नाहीस.