कीबोर्डखालच्या दोन खाचा

३ फेब्रुवारी

ती. आईंस,
शिरसाष्टांग नमस्कार, आणि या जड खोक्याबद्दल आधीच माफी.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनानं रचता, म्हणून पत्रच घालतेय. खोक्यात माझा लॅपटॉप आहे. नऊ वर्षांचा झाला. तुमचा मुलगा त्याला वीट म्हणतो, पण घरात सगळ्यात जास्त राबते ती वीटच.

इस्पितळातल्या स्कॅनवरून मी जबड्याचं, कवटीचं मॉडेल तयार करते आणि सर्जनबाई ऑपरेशनआधी त्यावर धातूच्या पट्ट्या वाकवून बघतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आजवर एखादं हाड असायचं. आता एका बसचालकाचा अख्खा चेहरा आहे. अपघातात डावी बाजू खचलीय. पडद्यावर ते मॉडेल जरा फिरवायला जावं तर लॅपटॉप असा थिजतो की मी चहा करते, पिते, कप विसळून येते, तरी हा जागचा हलत नाही. नवीन घे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण माझा प्रोग्राम याच मशीनशी बांधलेला आहे, दुसरीकडे चालत नाही.

मेमरीच्या चार पट्ट्या, एक एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड सोबत ठेवलंय. इथला दुकानदार म्हणाला, इतक्या जुन्या मशीनच्या नादी लागू नका. मी त्याला सांगितलं की माझ्या सासूबाईंनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंज सांभाळलंय. त्यानं लगेच सामान बांधून दिलं.

घाई नाही म्हणते, पण वीस तारखेपर्यंत झालं तर फार बरं.

माया कमी होऊ देऊ नका, आणि खोकं उचलताना कंबर सांभाळा.

तुमची,
सून

*

८ फेब्रुवारी

चि. सूनबाईस पोटभर आशीर्वाद.
वि. वि. खोकं धडधाकट पोहोचलं. त्यावर इतकी चिकटपट्टी गुंडाळली होतीस की उघडायला एक सकाळ गेली.

हे अक्षर माझं नव्हे. चष्मा दुरुस्तीला दिलाय, म्हणून खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाई लिहून देताहेत. घरातली भांडणं लिहिणार नाही असं त्यांनी आधीच बजावलंय. मी म्हटलं, भांडायला सून जवळ तरी राहायला हवी.

आधी बॅटरी सोडवली. पाठचं झाकण उघडलं तर पंख्यात इतकी धूळ की बी पेरलं असतं तर उगवलं असतं. कीबोर्डमधून बिस्किटाचा चुरा पडला. तो तुझा नाही, मी माझ्या मुलाला लहानपणापासून ओळखते. मेमरीच्या खाचा चार. त्यातल्या पाठच्या दोन भरल्या. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या एसएसडीवर उतरवलं. दूध तापत ठेवून बसावं तशी दुपारभर समोर बसून होते. काही उतू गेलं नाही.

उरलेल्या दोन खाचा कीबोर्डखाली आहेत, आणि ग्राफिक्स कार्ड चिप थंड ठेवणाऱ्या तांब्याच्या नळीखाली. चिपवर लावायची पेस्ट वाळून गेलीय. ताजी मागवते, मग हात घालते. चार दिवस इकडेतिकडे होतील.

तो बसचालक जेवतो कसा? त्याच्या घरी कोण आहे? कळव.

आशीर्वाद तुम्हा दोघांना; बिस्किटवाल्याला थोडे कमी.

आई

*

१२ फेब्रुवारी

ती. आईंस,
शि. सा. न. तुमचं पत्र कालच मिळालं.

बसचालकाला नळीनं भरवतात. बायको रोज उशाशी बसून मोठ्यानं वर्तमानपत्र वाचते. त्याला बोलता येत नाही, म्हणून एखादी बातमी पटली नाही की तो बोटानं गादीवर टकटक करतो. ऑपरेशन सव्वीस तारखेला ठरलं. मॉडेल छापायलाच दोन दिवस लागतात, हे धरून मी दिवस मोजतेय.

पण आज त्यासाठी लिहीत नाहीये. पाठच्या झाकणाचे स्क्रू तांदळाच्या कणीएवढे असतात. तेवढे स्क्रू चष्म्याशिवाय दिसले आणि कागदावरच्या ओळी मात्र दिसेनात, हे काही माझ्या गळी उतरत नाही. पेस्टसुद्धा मी नवी कोरी पाठवली होती. मेमरीच्या खाली, निळ्या पुडीत. तुम्ही खोकं उपसल्याशिवाय राहणाऱ्यातल्या नाही.

आई, काय झालंय? रागावून नव्हे, घाबरून विचारतेय. लॅपटॉप गेला तरी चालेल.

लोभ आहेच, म्हणून तर एवढं विचारायचं धाडस करते.

तुमची,
सून

*

१५ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,
आशीर्वाद. माझं हे वाकडंतिकडं अक्षर बघूनच तुला उत्तर मिळालं असेल. चष्मा माझ्या नाकावरच होता.

आठ महिन्यांपासून उजवा हात थरथरतो. आधी चमचा खणखणायचा, आता सहीसुद्धा धड जमत नाही. एकदा डॉक्टरांकडे गेले, त्यांनी तपासण्या लिहून दिल्या, तो कागद मी कपाटात ठेवला. मुलाला सांगितलेलं नाही.

पाठच्या त्या दोन पट्ट्या मी डाव्या हातानं उजवा धरून बसवल्या. कीबोर्ड काढताना तीन स्क्रू निसटले. शिलाईवाल्या बाईंनी लोहचुंबक फिरवून ते पलंगाखालून काढले. मग ग्राफिक्स कार्डापाशी आले. तिथं चिप उघडी असते. नळी तिरकी टेकली तर कोपरा फुटतो आणि सगळं संपतं. चार दिवस रोज सकाळी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि परत ठेवला.

तुला खरं सांगितलं असतं तर पुढच्या वेळी खोकं दुकानात गेलं असतं. मला वाटलं, तेवढं एक खोकं तरी माझ्याकडे यावं. त्या माणसाच्या चेहऱ्याचा खोळंबा केला, याची मात्र लाज वाटते. लॅपटॉप परत पाठवते. चांगलं दुकान बघ.

या आईवर राग धरू नकोस.

आई

*

१७ फेब्रुवारी

ती. आईंस,
नमस्कार. पत्र तीनदा वाचलं.

काही पाठवू नका. परवा सकाळच्या बसनं मीच येतेय. कीबोर्ड उघडाच राहू द्या. मला शिकवा. शिकवताना तुम्ही किती ओरडता ते तुमच्या मुलानं सांगितलंय, तयारीनं येते. त्याला मी फक्त आईंकडे काम आहे एवढंच सांगितलंय. बाकीचं तुम्ही सांगा. मला घरात चोरटेपणा जमत नाही.

भेटीपर्यंत लोभ सांभाळून ठेवा.

तुमची,
सून

*

२८ फेब्रुवारी

ती. आईंस,
शि. सा. न. परतल्यापासून लिहीन लिहीन म्हणतेय, पण हातातलं मॉडेल सुटत नव्हतं.

कीबोर्डखालच्या दोन खाचा भरल्या, पण कार्ड बसवलं आणि पडदा काळाच राहिला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते तुम्ही बघितलंत आणि न बघितल्यासारखं केलंत. मशीन रुसलंय, मेलेलं नाही, एवढंच म्हणालात; जुनं कार्ड परत लावायला लावलंत, मशीनचा मूळ प्रोग्राम नवा करून घेतलात आणि मग पुन्हा नवं कार्ड. स्क्रू आवळताना माझा अंगठा जास्त जोर करू लागला की तुम्ही माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवायचात. ती बोटं थरथरत होती, आणि तरी कुठं थांबायचं ते मला नेमकं कळत होतं. हे तिथं बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

आता चेहरा बोटाबरोबर फिरतो. मॉडेल वेळेत गेलं. ऑपरेशन सहा तास चाललं. सर्जनबाई म्हणाल्या, एकही पट्टी दुसऱ्यांदा वाकवावी लागली नाही. काल त्यानं खुणेनं आरसा मागितला. बायकोनं धरला. बराच वेळ बघून त्यानं पाटीवर लिहिलं की मिशी दोन्हीकडून सारखी येईल ना, ते डॉक्टरांना विचार. ती हसता हसता खाली बसली.

इस्पितळात अशीच तीन जुनी मशीनं पडून आहेत. ती मी नीट करून देईन का, असं सर्जनबाईंनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, की मला अजून एकटीनं येत नाही. तर त्यांनी तुम्हालाच बोलावलंय. मी तुम्हाला न विचारता हो म्हणून बसले. रागवायचं तर रागवा.

माया आहे तशीच ठेवा, वर थोडी चढली तरी चालेल.

तुमची,
सून

*

४ मार्च

चि. सूनबाईस भरघोस आशीर्वाद.
हे शिलाईवाल्या बाईंचं अक्षर, आता उघडउघड.

रविवारी तुझा नवरा आला होता. मी धीर करून सांगितलं. तर म्हणे त्याला मागच्या भेटीतच कळलं होतं. मी चहाचा कप अर्धाच भरला होता म्हणून. मी आपणहून सांगेन याची वाट बघत होता. मी त्याच्यापासून लपवत होते आणि तो कळल्याचं माझ्यापासून लपवत होता. कपाटातला कागद त्यानं काढला आणि सोमवारी मला तपासणीला घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्यात. सकाळी हात जरा ऐकतो, दुपारनंतर त्याच्या मनाला येईल तसं. पूर्ण थांबेल असं डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

परवाच्या बसनं येते. इस्पितळात मला टेबलाशी बरोबर येईल अशी खुर्ची आणि डोक्यावर चांगला दिवा लागेल, हे आधी सांगून ठेव. आणि मी येईपर्यंत त्या तिन्ही मशीनांना कोणीही हात लावायचा नाही. तूसुद्धा.

कळावे, बाकी आल्यावर.

आई