कोंढ्याच्या घराचा मूळपुरुष

३ ऑगस्ट, रविवार
आजपासून रोजनिशी. कपाटात, कुलुपात. किल्ली माझ्याजवळ. दुसरी किल्ली मनालीजवळ आहे, पण बायकोला वाचनाची आवड नाही.

कारण गंभीर आहे. आज कोंढ्याला घरी गेलो होतो. बाबांनी जेवता जेवता सांगून टाकलं, राहतं घर आणि घरामागची मोठी बांधी गुड्डीच्या नावाने करतो. गुड्डी म्हणजे माझी धाकटी बहीण. म्हणजेच प्रविण, तिचा नवरा. लग्न झाल्यापासून हा इसम आमच्याच घरी राहतो, आमच्याच बांधीत धान रोवतो. बाबा बोलत होते तेव्हा तो खाली मान घालून वरण ओरपत होता. निर्दोष माणूस असं वरण ओरपत नाही. मी एसटीत तिकीट तपासनीस आहे, मला कळतं. विनातिकीट माणूस नेहमी खिडकीबाहेर बघतो.

मी उभा राहून म्हणालो, जावई मालक होणं ही आपल्या घराण्याची रीत नाही. बाबा म्हणाले, "मंग रीत काय हाये, थे शोधून आण. या घरात कधी जवाई मालक झाला नसन, तं तू म्हणशीन तसं करतो." सगळ्यांसमोर म्हणाले. आई पदरात तोंड घालून हसली. का हसली, ते शोधायचं आहे.

संकल्प: पितृपक्ष संपायच्या आत संपूर्ण वंशावळ, प्रत्येक पूर्वजाच्या जीवनावर टिपणासह.

५ ऑगस्ट, कारधा
काम सुरू करू शकलो नाही. टेबलावर सासऱ्यांची औषधं असतात.

(नोंद: सध्या आम्ही मनालीच्या वडिलांकडे, कृष्णरावांकडे, वरच्या मजल्यावर राहतो. तात्पुरतं. नदीचा पूल ओलांडला की भंडारा, डेपो जवळ पडतो, एवढंच कारण. २०१२ पासून.)

वकिलाला फोन केला. म्हणाला, कायदा बहिणीलाही हक्क देतो. मग विचारलं, तू मूळचा कुठला? पवनी तालुक्यातला निघाला, म्हणजे प्रविणच्याच गावाकडचा. आलं लक्षात. कोर्टाचा रस्ता बंद. आता इतिहासच.

१० ऑगस्ट, रविवार
कोंढा. वंशावळ भराभर झाली. मी जीवन, वडील भय्याजी, आजोबा, पणजोबा डोमा, पणजी बायजाबाई. आणि डोमाच्या वर एकदम अंधार.

बाबांना विचारलं, डोमाच्या वडिलांचं नाव काय? बाबांना खोकला आला. आईला विचारलं. "मले नाई माहीत बाप्पा, मी तं सून हावो." नेमका त्याच क्षणी प्रविण चहा घेऊन आला. अद्रक घातलेला. इतका चांगला चहा माणूस उगाच करत नाही. मी अर्धाच प्यायलो.

१७ ऑगस्ट, रविवार
मोठा पुरावा! शेजारच्या मंगरूबुवांना गाठलं. गावात यांच्याएवढं जुनं कुणी नाही. म्हणाले, "डोमा? थो तं नदीपल्याडून आला गा. खांद्यावर घोंगडी अन् हातात एक बकरी." यापुढे सांगणार होते, पण गुड्डीने कुंपणावरून हाक मारली, बुवा, औषध घेतलं का? बुवा उठून गेले. औषध! काय टायमिंग आहे.

तरी मुद्दा हाती लागला. त्या काळात नदीपलीकडून सहज कोण येणार? फौज. डोमा हा भोसल्यांच्या फौजेतला सरदार असावा. घोडा वाटेत मेला असावा. बकरी ही रसद. घरी येऊन टिपण लिहिलं, झकास झालं. मनालीने विचारलं, भोसल्यांचं राज्य गेलं तेव्हा डोमा जन्मला तरी होता का? सन जुळत नाहीत हे खरं आहे. सनांचं मी नंतर बघतो.

२४ ऑगस्ट, रविवार
घरामागच्या त्या मोठ्या बांधीला गावात काय म्हणतात, हे आज प्रथमच कळलं. बायजाची बांधी! इतकी वर्षं मी तिथून जातोय. प्रविण चिखलात उभा राहून सहज बोलून गेला. सहज वगैरे काही नसतं.

पण त्याचा डाव त्याच्यावरच उलटला. टिपणात भर: "सरदार डोमा यांचे पत्नीवर अपार प्रेम होते. सर्वांत चांगली बांधी त्यांनी तिच्या नावाने ओळखली जावी अशी व्यवस्था केली. त्या काळात! किती पुढारलेला पुरुष." बाबांना वाचून दाखवलं. त्यांना पुन्हा खोकला आला. डॉक्टरला दाखवायला पाहिजे.

२८ ऑगस्ट
अमरचा फोन. मनालीचा चुलत भाऊ, नाकाडोंगरीचा. माझ्या कामाची कीर्ती तिथवर पोचली आहे. खूप आदराने बोलला. "भाऊजी, वंशावळ कशी बनवतेत, मलेही सांगा ना." तासभर मार्गदर्शन केलं. म्हातारी माणसं आधी गाठायची, घरात कोण किती दिवसांपासून राहतो ते टिपून ठेवायचं, मुलींच्या नवऱ्यांवर विशेष लक्ष. सगळं लिहून घेत होता. आजकालच्या तरुणांत ही जिज्ञासा दिसत नाही. सासरच्या माणसांत हा एकच हुशार.

३१ ऑगस्ट, रविवार
संताप. बसमधून उतरलो तर चावडीजवळ बसलेला एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "जवायाच्या घरचा पोरगा आला." आमचं घर! भय्याजींचं घर! आता गावात जावयाचं घर म्हणून ओळखलं जातं! प्रविणने म्हाताऱ्यांना फितवलंय. विडीकाडी पुरवत असणार.

घरी जाऊन प्रविणला जाब विचारला. तो म्हणाला, "दादा, मी या गावात यायच्या आधीपासूनच म्हणतेत थे." खोटं बोलतानाही डोळ्यांत डोळे घालून बोलतो. हे सराईत लोकांचं लक्षण. गुड्डी म्हणाली, दादा, जेवून घे. जेवलो. वडीची भाजी होती, त्यामुळे नाइलाज झाला.

११ सप्टेंबर
निर्णय. नुसता कागद हरवला जाईल, फाडला जाईल. फ्लेक्स बनवतोय. आठ बाय सहा. वर मूळपुरुष डोमा, खाली फक्त पुरुष, सर्वांत खाली मी. जावयांना जागा नाही.

डोमाचा फोटो नाही. फ्लेक्सवाला म्हणाला, वंशज तुम्हीच ना, तुमचाच चेहरा घेऊ, फेटा आणि मिशा लावू. लावल्या. उगाच स्तुती नको, पण रक्त दिसतं.

घरपोच देतो म्हणाला. पत्ता सांगितला, कारध्याला कुणालाही विचार, कृष्णरावांचे जावई म्हणून. लगेच दाखवतात. ओळख आहे आपली.

१४ सप्टेंबर, रविवार
कट आता देवाधर्मापर्यंत पोचला. आज आजोबांचं पितर होतं. आईने पहिलं पान वाढलं आणि म्हणाली, हे बायजाबाईचं. दुसरं डोमाचं. मूळपुरुष दुसऱ्या नंबरवर! मी विचारलं, ही नवी पद्धत कुणी काढली? आई म्हणाली, "मी या घरात आली तवापासून पयलं पान बायजाबाईचं. मह्या सासूनंच सांगतलं होतं." कायले, असं मी विचारलं, तर आई बाबांकडे बघू लागली आणि बाबा छताकडे. गुड्डीने आईला पढवलंय. बायकांचं पान आधी, मग हळूच बायकांचं घर.

माझ्या टिपणात लिहिलं: "डोमा अत्यंत नम्र होते. पत्नीस जेवू घातल्याविना ते स्वतः जेवत नसत." पुढच्या रविवारी सर्वपित्री. फ्लेक्स त्या दिवशी. पानांचा क्रमही मीच बदलणार.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावस्या, संध्याकाळ
लिहायचं नव्हतं. पण नियम म्हणजे नियम.

सकाळी फ्लेक्स ओसरीत टांगला. प्रविणनेच शिडी धरली. मंगरूबुवांनाही जेवायला बोलावलं होतं, साक्षीला. त्यांनी बराच वेळ फ्लेक्सकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा जीवन कायले फेटा बांधून बसला?" मी म्हणालो, बुवा, हे डोमा. वंशावळ वाचली, सरदार, घोडा, बकरी, सगळं. शेवटी ठासून सांगितलं की या घरात एकही जावई कधी मालक झालेला नाही. मग पाटावर बसून पहिलं पान डोमाचं म्हणून वाढायला घेतलं.

बाबांनी माझा हात धरला. म्हणाले, "थांब. जिचं घर तिचं पान पयले."

मग सांगितलं. हे घर, ती बांधी, बायजाच्या बापाची. त्याला मुलगा नव्हता. नदीपलीकडचा एक गरीब पोरगा त्याने पाहिला, कामाला चांगला, स्वभावाने गरीब, आणि घरजावई करून आणला. तोच डोमा. आला तेव्हा घोंगडी आणि बकरी हीच त्याची इस्टेट. आडनाव त्याचं लागलं, बाकी सगळं तिचं. गाव तेव्हापासून जवायाचं घर म्हणतं. बाबा लहानपणी डोमाच्या मांडीवर बसलेले आहेत. डोमा स्वतः बायजाचं पान आधी मांडायचा. बाबा म्हणाले, "नम्र होता थे तुवं बरोबर लिवलं."

मी विचारलं, सगळ्यांना माहीत होतं? सगळ्यांना. प्रविणलाही. मग मला काहून नाही सांगितलं? बाबा म्हणाले, "सांगून तुले पटलं असतं काय? तुले तपासल्याबिगर पटत नाई. अन् वंशावळीच्या पायी तू दर रविवारी घरी येऊन राहिला होता. मले बरं वाटत होतं गड्या."

हातातला वडा मी परत परातीत ठेवला.

तरी मी शेवटचा मुद्दा काढला, म्हटलं, मग या घराण्याचा खरा वारस कोण? बाबांनी जरा विचार केला. "डोमाचा? तूच. थो नदीपल्याडून सासऱ्याच्या घरी इकडे आला. तू इकडून पल्याड गेला. घोंगडीही नेली नाई." प्रविण हसला नाही. खाली मान घालून वरण ओरपत होता. बाकी कुणीच हसलं नाही, आणि ते जास्त लागलं.

अट सगळ्यांसमोर ठरली होती. घर गुड्डीचं. पहिलं पान बायजाबाईचं, ते मीच वाढलं.

२८ सप्टेंबर, रविवार
आज कोंढ्याला जाण्याचं काही कारण नव्हतं. गेलो. फ्लेक्स गोठ्यावर टाकलाय, गळत होतं म्हणे. छापलेली बाजू खाली. म्हशीच्या वर मी फेटा बांधून. प्रविणने विचारलं, दादा, राग तं नाई ना? नाही म्हणालो. चहा पूर्ण प्यायलो. चहा चांगलाच करतो, हे मान्य करायला हरकत नाही.

परतताना ठरवलं, आता भाड्याने घर बघायचं. भंडाऱ्यात. दिवाळीनंतर. किंवा उन्हाळ्यात, मुलीची परीक्षा झाली की.

५ ऑक्टोबर, रविवार, कारधा
मनालीने सकाळी सांगितलं, तिचे बाबा हे घर तिच्या नावाने करायचं म्हणताहेत, तुमचं मत काय? मी म्हणालो, अवश्य करावं. लेकीला घर मिळालंच पाहिजे. आमच्या घराण्याची तर रीतच आहे.

दुपारी फाटक वाजलं. अमर, नाकाडोंगरीहून. हातात फाईल. मी आनंदाने वर बोलावलं, पण तो खालीच थांबला, आधी सासऱ्यांशी बोलला, मग शेजारच्या म्हातारीशी. मी सांगितलेल्या क्रमानेच. शेवटी जिना चढून आला. चहा दिला, त्याने अर्धाच प्यायला.

मग पेनचं टोपण काढून खूप आदराने विचारलं, "भाऊजी, तुमी या घरात किती दिवसांपासून रायता?"

खिडकीबाहेर पूल दिसत होता. तिकडे बघत म्हणालो, तात्पुरता आहे.