सकाळी कॉलेज, दुपारी हॉस्पिटलचं किचन

आई,

काल तुझी नात पहिल्यांदा कामावर जाऊन आली. तिच्या कॉलेजात आता थोडे दिवस वर्ग आणि थोडे दिवस नोकरी असाच अभ्यासक्रम आहे. वडाळ्याच्या एका लॅबमध्ये खाण्याचे पदार्थ तपासतात, तिथे तिला घेतलंय. आली, बॅग टाकली आणि म्हणाली, "मम्मी, वर्गात शिकवतात ते वेगळंच आणि तिथे चालतं ते वेगळंच. मेळच बसत नाही." मी तिच्यापुढे चहा ठेवला आणि तुझी गोष्ट सांगायला बसले. तू गेलीस तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. सांगता सांगता मलाच सगळं इतकं लख्ख आठवत गेलं, की आज तुलाच लिहावंसं वाटलं.

परळच्या हॉस्पिटलात तू पेशंटांचा स्वयंपाक करायचीस. मी नववीत गेले त्या वर्षी तू आहारशास्त्र शिकायला कॉलेजात नाव घातलंस. सकाळी दादरला वर्ग, दुपारपासून किचनची ड्युटी. वर्गातल्या मुली जेमतेम विशीच्या. त्यांनी तुला पहिल्याच आठवड्यात 'मावशी' करून टाकलं. लालबागच्या आपल्या खोलीत एकच टेबल, त्याच्या एका बाजूला माझं बीजगणित आणि दुसऱ्या बाजूला तुझी प्रथिनं नि क्षार. कुकर लावायचं काम बाबांकडे आलं. भात कधी गच्च व्हायचा, कधी कच्चा राहायचा, आणि तू तो न बोलता खायचीस.

मग तो दिवस. तू कॉलेजातून थेट कामावर गेलेली, संध्याकाळी घरी येतेस आणि ताटावर बसतच नाहीस. बाबा दोनदा विचारतात. शेवटी तू सांगतेस की आज वर्गात मूत्रपिंडाच्या आजाराचा धडा झाला. अशा पेशंटला शहाळ्याचं पाणी द्यायचं नसतं, त्यातलं पोटॅशियम त्यांच्या अंगातून बाहेर पडत नाही, जिवावर बेतू शकतं. आणि डायलिसिसच्या वॉर्डातली ती आपल्या मालवणकडची आजी तुझ्याकडे शहाळं मागायची, म्हणून गेटवरून आणून तू तिला दोन-तीनदा पाजलं होतंस. मायेनं, कुणाला न विचारता.

बाबा म्हणाले, "कोणाक कळला नाय ना? मगे गप रव. नोकरी जायत."

मी म्हटलं, "आई, तुला कुठे माहीत होतं?"

तू माझ्याकडे वळलीस. तशी तू माझ्यावर क्वचितच चिडायचीस. "माका म्हायत नव्हता, ह्या कारण नाय होवक शकत गो. इचारूक होया होता," म्हणालीस. मला ते अजून तसंच्या तसं ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी तू कॉलेज बुडवून सकाळीच हॉस्पिटलात गेलीस आणि आदल्या दिवशी रजेवर असलेल्या डाएटिशियन मॅडमना सगळं सांगितलंस. मॅडम आधी तुला चांगल्याच बोलल्या. मग तुला घेऊन वॉर्डात गेल्या, आजीचे रिपोर्ट काढून पाहिले. आजी सुखरूप होती, असं तू घरी येऊन सांगितलंस. नोकरी गेली नाही. उलट मॅडम म्हणाल्या, "आजपासून जेवणाच्या ट्रॉलीबरोबर वॉर्डात तू फिरायचंस. कॉलेजात जे शिकशील ते माझ्याकडे येऊन बोलायचं, मगच ताटात घालायचं." आणि तुझ्या कॉलेजातल्या बाईंना हे कळल्यावर त्यांनी तुला वर्गापुढे उभं केलं. तू शहाळ्याची गोष्ट काहीही न लपवता त्या मुलींना सांगितलीस. त्यातली एक पुढे मला म्हणाली होती, "तो धडा आम्ही पुस्तकातून नाही, तुझ्या आईकडून शिकलो."

पुढच्या वर्षी त्याच मुली प्रॅक्टिकलला तुझ्या हॉस्पिटलात आल्या. रक्तदाबाचे एक काका बिनमिठाचं जेवण रोज परत पाठवायचे. एक मुलगी त्यांना कागद दाखवून समजावत होती, ते तोंड फिरवून पडलेले. तू स्टूल ओढून बसलीस नि विचारलंस, "घरी काय जेवता?" मग किचनमध्ये जाऊन लसूण, मिरी, तिरफळ आणि वरून लिंबू असं कालवण केलंस, आणि ते त्यांना चालेल का, किती चालेल, याचा हिशोब त्या मुलीने मांडला. तुला तो आकड्यांचा भाग तेव्हा नीट जमत नव्हता, तिला कालवण जमत नव्हतं. काकांनी ताट पुसून खाल्लं. त्या रात्री तू तिच्याकडून हिशोब शिकून आलीस आणि मला करून दाखवलास.

तू पास झालीस. पुढे त्याच हॉस्पिटलात मॅडमच्या हाताखाली लागलीस. पहिल्या दिवशी पांढरा कोट घालून तू आधी किचनमध्ये गेलीस. तिथल्या बायकांनी शिरा करून ठेवला होता. तुला ओट्याला हात लावू दिला नाही, स्टुलावर बसवलं आणि सगळ्यांच्या आधी तुला वाढलं. बाबा हे चाळीत ज्याला त्याला सांगत सुटले, आणि प्रत्येक वेळी शिऱ्यातले काजू वाढत गेले. मला विचारशील तर मला तेव्हा वाटत होतं की अख्ख्या लालबागमध्ये माझ्याएवढी ताठ मानेने चालणारी दुसरी मुलगी नाही.

तुझ्या नातीने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे मेळ आपणच बसवायचा असतो." मी मान हलवली. पुढे तिने तुझ्याबद्दल विचारलं, "आजीला भीती नाही वाटली कधी?"

मी म्हटलं, "नाही."

हे खरं नाही. तोंडी परीक्षेच्या सकाळी तुझे हात इतके थरथरत होते की साडीच्या निऱ्या मी घातल्या. कॉलेजच्या फाटकाशी माझा हात धरून तू म्हणालीस, "हयसरच थांब गो," आणि मी शाळा बुडवून तू बाहेर येईपर्यंत तिथेच उभी राहिले. हे मी तिला का सांगितलं नाही, ठाऊक नाही. तिच्यापुढे तू न घाबरणारी असावीस, असं मलाच वाटलं असेल. पण उद्या तिला पुन्हा कामावर जायचंय, आणि आता पलीकडच्या खोलीत ती जागीच आहे. तुला हे पाठवायला पत्ता नाहीच. मी उठते आणि तिला खरं सांगून येते.