खाटेशेजारचे स्टूल

मी, निवृत्त मुख्य परिचारिका, अविवाहित, राहत्या घराची एकटी मालक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसे प्रमाणपत्र डॉक्टरांनी दिले आहे. त्यांनी दारात उभ्यानेच मला आजचा वार विचारला आणि मी सांगितला. कोणी मला भरीस घातलेले नाही. मी रागावलेली आहे, पण रागावलेल्या माणसालाही मृत्युपत्र करता येते, हे वकिलांना विचारून घेतले आहे. आधीच्या मृत्युपत्रात मी सगळे पुतण्याला दिले होते. ते रद्द करते.

१. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, आतल्या सामानासह, मी धाकटीला देते. धाकटी माझ्या नात्याची नाही. माझ्या वॉर्डात रुजू झाली तेव्हा ती सगळ्यांत लहान होती, म्हणून हे नाव पडले. आता तिचेही केस पिकले आहेत. परक्या बाईला घर का, असे पुतण्या कोर्टात विचारेल. म्हणून कारण इथेच लिहून ठेवते.

माझा भाऊ, म्हणजे पुतण्याचे वडील, अर्धांगवायूचा झटका येऊन त्याच इस्पितळात होता जिथे मी आयुष्यभर काम केले. वाचा गेली होती. गिळणे अर्धवट राहिले होते. अशा माणसाला भरवायचे तर त्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसावे लागते. उभ्याने भरवले की तो वर बघतो, मान मागे जाते आणि घास भलतीकडे उतरतो. म्हणून बसायचे, चमचा द्यायचा आणि त्याच्या गळ्याकडे बघत थांबायचे. कंठ वर जाऊन खाली आला की मगच पुढचा चमचा. ही गोष्ट आमच्यातल्या प्रत्येकीला पहिल्या वर्षी शिकवतात. धाकटी तसेच करीत असे. एका वाटीला फार वेळ जाई.

पुतण्याने एका दुपारी दारातून तिचा फोटो काढला. स्टुलावर बसलेली, मान खाली, डोळे मिटल्यासारखे. चमचा फोटोत आला नाही. तो फोटो त्याने इस्पितळाच्या व्यवस्थापकांना पाठवला.

मी त्याला विचारले, "अरे, ती झोपली होती का?"

"आत्या, तू तुझ्या लोकांची बाजू घेणारच. मी येईन तेव्हा बाई आपली बसलेली. बसायला ठेवलंय का त्यांना?"

"हो. बसायलाच ठेवलंय."

"मग घरी बसा म्हणावं."

व्यवस्थापकांनी तेच केले. धाकटीला एका शब्दाने न विचारता घरी बसवले आणि वॉर्डातली सगळी स्टुले गोळा करून अडगळीत टाकली. मी भेटायला गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "सिस्टर, तुम्ही आमच्या घरच्याच. पण लोक फोटो काढतात हो. बसलेली नर्स बरी दिसत नाही." हे ते बसून म्हणाले.

भावाला मी भरवते म्हटले. जेवणाच्या वेळी नातेवाइकांना आत सोडत नाहीत. पुतण्याला सोडत, कारण बिल तो भरत होता.

त्यानंतर भावाला उभ्याने भरवले गेले. भरवणारीला मी दोष देत नाही. तिला बसायची बंदी होती आणि मागे अख्खा वॉर्ड खोळंबला होता. घास छातीत गेला, ताप चढला आणि त्यातच भाऊ गेला. दाखल्यावर न्यूमोनिया लिहिले आहे. ते खोटे नाही. अर्धेच आहे.

भेटायला आलेल्यांना पुतण्या सांगत होता, "नर्सिंग नीट मिळालं नाही हो." हे त्याचे वाक्य मी या कलमाला पुरावा म्हणून जोडते.

घर हा मोबदला नव्हे. मी अंथरुणाला खिळले तर धाकटीने माझे करावे, अशी अट नाही. नर्सच आहे, करेल की, असे कोणी म्हणू नये. मला माणूस लागला तर पगार देऊन ठेवावा. माझे कामावरचे घड्याळ आणि कात्रीही तिलाच.

२. बँकेतली ठेव. माझ्या अंत्यविधीचा खर्च भागवून उरेल त्यातून त्या वॉर्डात प्रत्येक खाटेशेजारी एक स्टूल घ्यावे. परिचारिकेला त्यावर बसू देऊ, असे इस्पितळाने आधी लेखी द्यावे. न दिल्यास सगळी रक्कम परिचारिकांच्या संघटनेला जावी. त्यांना भांडायला लागतेच. स्टुलांवर माझ्या नावाची पाटी नको. टोचते.

३. भिंतीवरचे मानपत्र व्यवस्थापकांना परत करावे. त्यात मला सेवेची मूर्ती म्हटले आहे. मूर्तीला पाय दुखत नाहीत, पगारवाढ लागत नाही आणि उभी केली की ती उभीच राहते. मला ते वर्णन लागू पडत नाही.

४. पुतण्या. अडगळीतून मी एक स्टूल विकत आणले आहे. पावती खणात आहे. भावाच्या खाटेशेजारी होते तेच. ते मी पुतण्याला देते. ते लहानसे आहे, कुठल्याही खोलीत मावेल. त्याची आई लवकर गेली. लहानपणी तापाने फणफणला की माझा पदर मुठीत धरून म्हणायचा, "आत्या, उठू नको ना." मी उठत नसे. आज ना उद्या तोही खाटेवर पडेल. तेव्हा ते शेजारी ठेवावे आणि कोणी त्यावर बसले तर फोटो काढू नये.

वरील सर्व मी वाचून पाहिले. एकही शब्द मवाळ करावासा वाटला नाही.

धाकटीला साक्षीदार होता येत नाही, कारण घर तिला मिळते आहे. म्हणून ती स्वयंपाकघरात थांबली. शेजारचे शिंपी आणि त्या वॉर्डातली आत्ताची परिचारिका यांनी माझी सही होताना पाहिली आणि माझ्यादेखत आपापल्या सह्या केल्या. शिंपी बसले होते. परिचारिका कामावरून थेट आली होती आणि सवयीने टेबलाशी उभ्यानेच वाकली. मी लेखणी काढून घेतली. ती बसली, मग परत दिली.

मृत्युपत्र करणारी: (सही) निवृत्त मुख्य परिचारिका
साक्षीदार: (सही) शिंपी, शेजारी
साक्षीदार: (सही) परिचारिका, बसून
स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च