शेवटच्या कडव्यातलं नाव

माएबूर्ग, १२ सप्टेंबर १९६३

बाबा, तुमच्या पायांवर डोकं ठेवतो.

मी बरा आहे, घसाही बरा आहे, आईला सांगा. शनिवारी इथल्या हॉलात मी आपली ढोलकीवर फेर धरून गायची झाकरीची गाणी गाणार आहे. बुतिकाबुतिकांत, दुकानांच्या दारांवर, जाहिरातीचे कागद लागलेत.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. कागदावर मला थेट समुद्रापलीकडच्या मुंबईचा गवई म्हटलंय. 'असं छापू?' म्हणून हॉलवाल्याने विचारलं आणि मी होय म्हणून मान हलवली. आपल्या या बेटावरच्या गावच्या माणसाला तिकीट काढून कोण ऐकतो, हे मलाही पटलं.

आता तो म्हणतो, शेवटचं कडवं गाळ. त्यात आपल्या गावाचं, प्लेन दे पपायचं, आणि तुमचं नाव येतं ना, मी मुंबईचा नाही हे लगेच कळेल! नाव घेतल्याशिवाय फेर सोडायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत.

काल शाई घेऊन सगळी दुकानं फिरलो. 'मुंबई' खोडून आपलं गाव लिहिलं. तेव्हापासून हॉलवाला माझ्याशी बोलत नाही. हॉल रिकामा राहिला तर? दोनदा जाऊन रिकाम्या खुर्च्या मोजून आलो, पण हे आईला सांगू नका.

तुमचा गुडघा कसा आहे? जमलं तर या, ढोलकी आणा. शेवटच्या कडव्याला माझा आवाज अडला, तर जोरात वाजवून झाकू नका. हात थांबवा. माझ्या तोंडून नाव येईपर्यंत थांबा.

तुमचाच,
जयदेव