आर्मासच्या रायफलीवरची दुर्बीण

मी, सायमा रिंताला, माहेरची कांगास, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय शिकारीच्या रायफलींवर दुर्बिणी बसवून देणे, राहणार मेट्सा टाउनशिप, उत्तर मिशिगन, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि कॉफीखेरीज काहीही न पिता लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हेच डॉक्टर गेल्या शिकारीच्या हंगामात दुर्बीण उलटी बसवून माझ्याकडे आले होते. तरी दाखला त्यांचाच चालतो, असे वकील म्हणतात.

कलम १. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सर्व काही माझे पती वाइनो यांना दिले होते. त्यांनी नेहमीप्रमाणे घाई केली आणि माझ्याआधी गेले.

कलम २. राहते घर, मागचा सौना म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, आणि बँकेत जे काही निघेल ते माझी भाची डार्लीन हिला द्यावे. ती माझ्या भावाची, आर्मासची मुलगी. सौनाच्या चुलीत फक्त बर्चचीच लाकडे घालावीत. पाइन घातल्याचे कळले तर मी परत येईन.

कलम ३. दुकान आणि सगळी हत्यारेही डार्लीनलाच. चार वर्षे ती माझ्या हाताखाली आहे. पण मान डोलावते तेव्हा ती ऐकत नसते, म्हणून इथे लेखी देते. आधी नळीवरच्या भोकांतले तेल पुसून काढ. मग खालची पट्टी घट्ट बसव, तिच्यावर कड्या, आणि कड्यांत दुर्बीण. डोळा आणि काच यांत चार बोटे अंतर ठेव. ज्याला हे पटत नाही त्याच्या भुवईवर पहिल्याच धक्क्याला चंद्रकोर उमटते. समोर ओळंबा टांग आणि दुर्बिणीतली उभी रेघ त्याच्या दोरीशी जुळव. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे, जोर मोजणाऱ्या आकड्याच्या पान्याने कस. मनगटाला अंदाज असतो, आकडा फक्त पान्याला असतो. मग नळीतून निशाण बघ, दुर्बिणीतली फुली तिथेच आण, आणि खडीच्या खाणीत जाऊन तीन गोळ्या झाड. एक गोळी म्हणजे अफवा, तीन गोळ्या म्हणजे बातमी.

कलम ४. शेजारी लेस्टर होक यांना एक पक्कड द्यावी. ती त्यांचीच आहे. तिनेच ते स्क्रू पिळतात, आणि मग भुवई फोडून माझ्याकडे येतात. आजवर तीनदा.

"सायमा, दुर्बीण वाकडी नाहीये गं, माझं डोकंच जरा कलतं."

"मग बंदूक ठेव इथे आणि डोकं दुरुस्त करून आण."

पक्कड त्यांना माझे दफन झाल्यावरच द्यावी. तोपर्यंत गावातल्या बंदुका सुरक्षित राहू द्याव्यात.

कलम ५. हे कलम लांब आहे. वकिलांनी ते वेगळ्या पत्रात लिहायला सुचवले होते. वकिलांनी पुष्कळ काही सुचवले होते.

सन १९९२च्या नोव्हेंबरात, हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, माझा धाकटा भाऊ आर्मास नवी दुर्बीण घेऊन दुकानात आला. दुकान भरलेले होते. मी खालच्या पट्टीचे पुढचे दोन स्क्रू बोटांनी फिरवून ठेवले होते, पाना घ्यायचा बाकी होता. तेवढ्यात हा सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "सायमाच्या हाती रायफल देण्यापेक्षा लोणच्याची बरणी द्यावी. झाकण तरी घट्ट लागतं!"

सगळे हसले. मीही हसले. मग कॉफी ओतायला गेले, परत आले आणि सरळ कड्या बसवायला घेतल्या. वर दुर्बीण बसली की खालचे स्क्रू दिसत नाहीत. खाणीत तीन गोळ्या झाडल्या. दोन शेजारी शेजारी लागल्या, एक बाहेर गेली. बातमी आली होती. मी ती वाऱ्याच्या नावावर घातली आणि रायफल त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी साठ पावलांवर बारा टोकांच्या शिंगांचा नर आडवा उभा राहिला. आर्मासने चार गोळ्या झाडल्या. हरणाने चौथ्या गोळीनंतर त्याच्याकडे वळून पाहिले आणि चालत निघून गेले, पळालेसुद्धा नाही. शिकाऱ्यांच्या तळावर आर्मासचे नाव गडगडाट पडले: आवाज फार, पाऊस नाही.

तो रायफल घेऊन आला. "बघ ना, काहीतरी हललंय यात."

मी दुर्बीण उतरवली. ते दोन्ही स्क्रू माझ्या नखाने फिरत होते. मी ते कसले, सगळे परत चढवले आणि म्हणाले, "रायफल ठीक आहे. हात थरथरला असेल तुझा."

त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिले. "असेल," म्हणाला.

आमच्या वडिलांनी बांधलेल्या त्या तळावर तो पुन्हा गेला नाही. सत्तावीस वर्षे लोकांनी "काय गडगडाट, येणार का यंदा?" विचारले, आणि मी शेजारी उभी राहून ऐकले.

या वर्षी ऑगस्टमध्ये हृदयाचे डॉक्टर वर्षांऐवजी महिन्यांत बोलू लागले. मग मी आर्मासच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले.

"आर्मास, त्या वर्षी तुझा हात हलला नव्हता. स्क्रू मी कसले नव्हते."

तो पावाला लोणी लावत होता. "विसरलीस?"

"ते मला अजून ठरवता आलेलं नाही."

"सत्तावीस वर्षं ठरवतेयस?"

"मी कामात घाई करत नाही."

त्याने माझ्यापुढचा अर्धा कप उचलून मोरीत ओतला आणि दार उघडले. आमच्या फिनिश लोकांत पाहुण्याची कॉफी ओतून टाकणे म्हणजे काय, हे साक्षीदारांना माहीत आहे.

नऊ दिवसांनी तो रायफल घेऊन दुकानात उभा. डार्लीन पुढे झाली. "आत्या, दे, मी बसवते."

"तू नाही," तो म्हणाला. "हिनेच. आणि मी बघत बसणार."

माझ्या बोटांत आता पकड नाही. अख्खी दुपार गेली. प्रत्येक स्क्रूला चौकशी.

"हा कसलास?"

"कसला."

"पान्याने?"

"नाही, दातांनी. पान्यानेच."

शेवटच्या स्क्रूला तो म्हणाला, "ते लोणच्याच्या बरणीचं... वाईट बोललो मी."

"हो," मी म्हणाले. तिथे उदार व्हायला हवे होते, पण मी पाना धरला होता.

खाणीत त्याने तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोके एका कपाखाली झाकली गेली असती. त्याने हात माझ्यासमोर पसरून धरला, बहात्तराव्या वर्षी. हात स्थिर होता. माझे डोळे नव्हते.

पंधरा नोव्हेंबरला तो तळावर गेला. संध्याकाळी फोन आला.

"आठ टोकांचा नर आला होता."

"मग?"

"फुली बरोबर खांद्यावर होती, सायमा. जरासुद्धा हलत नव्हती. बराच वेळ बघितलं."

"आणि मारला?"

"जाऊ दिला त्याला. मग मी बटाटे सोलायला घेतले."

रायफल त्याचीच आहे, दुर्बीण त्याचीच आहे, म्हणून त्याला देण्यासारखे माझ्याकडे दुसरे काही नाही. सबब मी असे फर्मावते, की माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्या हंगामाच्या पहिल्या सकाळी, तळावर सगळे जमलेले असताना, हे पाचवे कलम पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचून दाखवावे. वाचन लेस्टर होक यांनी करावे. त्यांचा आवाज कोणी न मागता मोठा आहे. आर्मास "राहू द्या" म्हणेल. त्याचे ऐकू नये.

मी ते स्क्रू विसरले, की मला ते विसरायचे होते, याचा निकाल माझ्याने लागला नाही. तो ऐकणाऱ्यांनी लावावा. मात्र खोटे मी शुद्धीवर असताना, त्याच्या तोंडावर बोलले. त्याचा निकाल लागलेला आहे.

वरील मजकूर मी वाचून, समजून, चष्मा लावून खाली सही केली आहे.

सही: सायमा रिंताला

साक्षीदार १: हिल्या ट्वोमी, ग्रंथपाल. सही केली.
साक्षीदार २: क्लॅरेन्स बोश, निवृत्त पोस्टमन. सही केली.
(आर्मास कांगास हा पाचव्या कलमाचा लाभार्थी असल्याने साक्षीदार होऊ शकत नाही. तो बाहेर गाडीत बसला आहे, मला घरी सोडायला.)

ठिकाण: मेट्सा टाउनशिप
दिनांक: २ डिसेंबर २०१९